चतुराबाईच्या हातचा गुण

आमच्या मोठ्या जावेचं नाव काढलं की लोक आधी हात जोडतात. "चतुराबाई म्हणजे देवमाणूस हो!" मला या बोलण्याचा भारी राग येतो. एकदा का बाईला देवमाणूस म्हटलं की तिला राबवायला सगळे मोकळे. देवमाणसाला झोप लागत नाही, अंग दुखत नाही, देवमाणसाला लेक नसते. चतुराबाईला लेक होती. एकच, मनीषा. आणि ती मनमाडला दिली होती.

मी भागीबाई, चतुराबाईची धाकटी जाऊ. पंचवटीत गणेशवाडीच्या बाजारात फुलं विकते. सतरा तऱ्हेच्या गिऱ्हाइकांशी डोकं लावून लावून माझी बोली शहरी झाली आणि तोंड तिखट झालं, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. मळा आमचा तपोवनाच्या पुढे, टाकळीच्या अंगाला. झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. दोघा भावांचं घर एक, विहीर एक, आणि घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं औषधही एकच.

दात काढल्यावर जबड्यात खड्डा पडतो ना, तो एखाद्याचा भरतच नाही. आतली रक्ताची गाठ निघून जाते, हाड उघडं पडतं, आणि माणूस असा ठणकतो की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. त्या खड्ड्यात भरायचा आमचा लेप. पूर्वी रामकुंडाकडे पकडी घेऊन बसणारे दात उपटायचे आणि त्यांच्या हातून वाचलेली माणसं गाल धरून थेट आमच्या मळ्यात यायची. मग शहरात गल्लोगल्ली दाताचे दवाखाने झाले. तरी दात तिकडे काढायचा आणि खड्डा आमच्याकडे भरायचा, अशी रीतच पडून गेली.

लेप कशाचा, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. बांधावरच्या शेराच्या झुडपांच्या कुंपणावर चौकोनी कांड्यांची हिरवी वेल लोंबत असायची. कोणीही पाहावी. पण तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. लेप देणाऱ्या बाईनं ते परक्याला सांगितलं की औषधाचा गुण गेलाच म्हणून समजा. आमच्या सासूबाई नवसाबाई, त्यांना त्यांच्या सासूनं घालून दिलेले हे नेम. वेलीला लोखंड लावायचं नाही, कांडं हातानं मोडायचं. उजाडायच्या आत, आंघोळ करून ओलेत्यानं मोडायचं. ते तुपात परतायचं, नाहीतर तोंडाला खाज सुटते, आणि दगडी खलात कुटायचं. आलेल्याला नाही म्हणायचं नाही. हे सगळं एक वेळ चालून जाईल. पण एक नेम असा होता की त्यानं माझ्या जावेचं आयुष्य खाल्लं. रोग्याच्या तोंडातला लेप आपसूक सुटेपर्यंत, देणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या छपराखाली निजायचं नाही. निजली तर हाड धरत नाही, जबडा सडतो, आणि ते पाप तिच्या माथी.

आता तुम्हीच बघा. एकाचा लेप सुटायच्या आत दुसरा गाल धरून दारात. त्याला नाही म्हणायचं नाही. म्हणजे झालंच की!

एक्क्याण्णवच्या सिंहस्थाआधी सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी चतुराबाईचा हात धरला, आपल्या हातात दाबला आणि म्हणाल्या, "हात दिला गं तुला." मी शेजारीच बसले होते, पण माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बरंच केलं म्हणा. मला दिला असता तर मी पहिल्याच आठवड्यात तो गोदावरीत सोडून आले असते.

चतुराबाईनं मात्र तो सांभाळला. भावाच्या दहाव्याला चांदोरीला सकाळी गेली आणि दिवेलागणीला परत. लग्नाला गेली तर अक्षता टाकून उलट्या पावली माघारी, जेवणाची पंगतसुद्धा नाही. सगळ्या बाया वणीला दर्शनाला जाऊन मुक्काम करून आल्या, ही घरी. एकदा मी शेवंतीत खुरपत होते तर ही वाफ्यात दबून बसलेली. फाटकाशी कोणीतरी हाका मारत होतं, "चतुराबाई, ओ चतुराबाई!" तिनं मला बोट ओठांवर ठेवून खुणावलं. मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून मी मान खाली घालून खुरपत राहिले. दुसऱ्या हाकेला ती उठलीच. "आले रे बाबा," म्हणाली आणि पदर झटकत गेली.

"बाई," मी तिला म्हणायचे, "एखाद्याला सांगून टाका, आज नाय जमत."

"आणि त्याचा जबडा सडला मंजे?"

"सडू द्या!"

"भागे, तू बोलतीस तसं तुला तरी करता यील का?"

तिचं खरंच होतं. ओसरीवर कण्हणारा माणूस बघितला की माझंही पाणी व्हायचं.

मनीषाचं लग्न पंच्याण्णवात झालं. जावई दीपक रेल्वेत, पोरगा सोन्यासारखा, पण घरात सासू नाही, नणंद नाही. मनमाडला पाण्याची बोंब, नळ पंधरा-पंधरा दिवस कोरडा. दोन वर्षांनी दिवस राहिले. आम्ही म्हटलं, सातव्यात ओटी भरून माहेरी आणू. पण पाचव्यातच डॉक्टरनं सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, गाडीत बसायचं नाही, हंडा तर बघायचासुद्धा नाही. म्हणजे लेकीला आणता येईना, आईनंच जायला हवं. आमच्या वाण्याकडे फोन होता, त्यावर मनीषा रडत बोलली, "काकू, आईला पाठवा ना थोडे दिवस. मला रात्रीची लय भीती वाटते."

त्या वेळी योग असा की कोणाच्याच तोंडात लेप नव्हता. आदल्या दिवशीच शेवटचा सुटला होता. मी चतुराबाईची पिशवी भरली, डिंकाचे लाडू भरले, दोन लुगडी कोंबली आणि पुंजाभाऊंना, म्हणजे तिच्या मालकांना म्हटलं, "आता कोणाला सांगत बसू नका, गुपचूप नाक्यावर नेऊन बसवा." मी पण गेले. आडगाव नाक्यावर चांदवडवरून मनमाडला जाणारी एसटी लागली होती. ती चढली, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. किती वर्षांनी ती अशी कुठे निघाली होती! चेहरा नुसता फुलला होता. मला म्हणाली, "भागे, माझ्या मनीचे पाय चेपून दीन बघ दोन दिवस."

आणि तेवढ्यात सावळीराम आला. आमच्या शेजारच्या मळ्यातला, भला माणूस, मी काही वाईट बोलत नाही. गालावर टॉवेल बांधलेला, डोळ्यांतून पाणी, सायकल रस्त्यावर तशीच टाकून धावत आला. घरी जाऊन आला होता, कोणीतरी सांगितलं की बाई आत्ताच नाक्यावर गेली. खिडकीखाली उभा राहून दोन्ही हात जोडले. बोलता येत नव्हतं, नुसता "उं उं" करत होता.

मी ओरडले, "अहो, दवाखान्यात जा! शहरात दवाखाने काय कमी हायेत का?"

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरनं घंटी मारली. ती उठली, पिशवी घेतली आणि उतरली. मी तिचा दंड धरला. "बाई, तुम्हाला मनीची शपथ हाय."

"शपथ नको घालू," ती म्हणाली. "हा सडला तर मी मनीला कोणत्या तोंडानं हात लावू? पोटुशी पोर ती. तळतळाट घिऊन जाऊ का तिच्याकडं?"

बघा, हे असं होतं. नेम मोडला तर ते पाप लेकीच्या पोटावर येईल, ही तिची भीती. लेकीसाठीच ती लेकीकडे गेली नाही. सावळीरामाच्या खड्ड्यात लेप भरला, पुंजाभाऊंना मनमाडला धाडलं, आणि ही ओसरीवर खांबाला टेकून बसली. भाऊ पोचायच्या आत वाण्याचा पोरगा निरोप घेऊन आला. मनीषाचं पोट पडलं होतं. मुलगा होता.

चतुराबाई सकाळच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली, कारण सावळीरामाचा लेप अजून सुटायचा होता. मनीषानं तिच्याकडे पाहिलंही नाही. फक्त एवढं म्हणाली, "आई, तुला माझ्यापेक्षा सावळीरामकाकाचा जबडा मोठा." त्यानंतर मनीषा माहेरी आली नाही. दिवाळी गेली, अखिती गेली. पुंजाभाऊ जाऊन भेटून यायचे, तिखटमीठ देऊन यायचे. "आई कशी हाय?" असं ती त्यांनाही विचारत नसे. चतुराबाई भाऊ परत आले की पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि तोंडाकडे बघत उभी राहायची. भाऊ म्हणायचे, "बरी हाय." बस, तेवढंच. चार वर्षं ती त्या दोन शब्दांवर जगली.

दोन हजार एक साल उजाडलं आणि दातांच्या कॉलेजातली एक डॉक्टरीण आमच्या मळ्यात आली. उज्ज्वला नाव. मोठ्या पदवीचा अभ्यास करत होती. गोरीपान, चष्मा, पायात बूट. झेंडूच्या वाफ्यात एक बूट चिखलात फसला तर स्वतःच खो खो हसली. मला ती तिथेच आवडली. तिचं म्हणणं असं, की तिच्याकडे दात काढून गेलेली काही माणसं पुन्हा दाखवायला येतात तेव्हा खड्डा छान भरलेला असतो, आणि विचारलं तर म्हणतात चतुराबाईचा लेप. तर मावशी, ती कोणती वनस्पती, कोणता भाग, कसा करता, ते मला सांगाल का? मी त्याचा अर्क काढून नीट तपासून बघीन. ज्यांच्या दोन्हीकडच्या अक्कलदाढा काढायच्या आहेत, त्यांच्या परवानगीनं एका खड्ड्यात अर्क भरायचा, दुसरा तसाच ठेवायचा, आणि मग एक्स-रे काढून हाड कुठे लवकर भरतं ते बघायचं.

चतुराबाई म्हणाली, "नाव सांगत नसत्यात, बाई. गुण जातो." डॉक्टरीण बिचारी चहा पिऊन गेली. मी पुन्हा या म्हटलं.

त्याच आठवड्यात पुंजाभाऊ मनमाडहून आले आणि तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "मनीला दिवस हायेत. तिसरा चालू हाय. डॉक्टरनं पुन्हा तेच सांगितलंय, उठायचं नाय."

"मला बोलावलं का?" चतुराबाईनं विचारलं.

"नाय."

त्या दिवशी ती जेवली नाही. खलात नुसती बत्ता फिरवत बसली, खलात काही नसताना. मग मात्र मला राहवेना. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले.

"बाई, नाव सांगितलं की गुण जातो ना?"

"जातो."

"मग घालवा की! त्या डॉक्टरणीला सांगून टाका. गुण गेला की लेप गेला, लेप गेला की नेम गेला. ज्या घरात औषधच नाय, तिथं कोण गाल धरून यील? तुम्ही सुटला."

तिनं बत्ता खाली ठेवला. "आणि त्या पोरीचं? ती बिचारी मेलेलं औषध घिऊन बसल."

"ती शिकलेली हाय, दुसरं शोधील. तुम्ही तुमच्या लेकीचं बघा आधी!"

ती रडायला लागली. सासूबाई गेल्या तेव्हाही ती अशी रडली नव्हती. म्हणाली, "भागे, मला हे कधीच नको होतं गं. म्हातारीनं हात धरला तवाच मला हिसकून घ्यायचा होता."

डॉक्टरीण पुन्हा आली तेव्हा चतुराबाईनं तिला बांधाशी नेलं. मी मागेच होते. तिनं कुंपणावरच्या वेलीला हात लावला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "कांडवेल." जन्मात पहिल्यांदा. मग पुन्हा म्हणाली, "कांडवेल. हाडसांधी बी म्हणत्यात." आणि तुपाचं, खलाचं, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरणीनं पिशवीतून कात्री काढली आणि कचाकच कांड्या कापल्या. लोखंडाची कात्री! मीच एक पाऊल मागे सरले. चतुराबाई मात्र ते डोळे भरून बघत होती. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला यातून काय मिळायचं नाय बरं का. मनाला लावून घिऊ नका." डॉक्टरीण हसली. तिला काय कळणार!

दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला एकच उत्तर. "गुण गेला. दवाखान्यात जा." सावळीरामाची दुसऱ्या बाजूची दाढ नेमकी तेव्हाच काढली होती. आला आणि भडकला, "असं कसं केलं तुम्ही? आमचं काय?"

मी म्हटलं, "तुमचे दात संपतच नाय का हो कधी?" तो पुटपुटत गेला.

आणि चतुराबाई मनमाडला गेली. न बोलावता गेली. दारात उभी राहिली तेव्हा मनीषानं भिंतीकडे तोंड केलं, असं दीपकनं मला नंतर सांगितलं. हिनं पदर खोचला, भांडी घासली, टँकरवरून पाणी आणलं, रात्र झाली तशी लेकीच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण टाकलं. मनीषा भिंतीकडेच बघत म्हणाली, "रात्रीची राहतेस?"

"राहते."

"आणि लेपवाले?"

"गुण गेला, मनी. परक्या बाईला नाव सांगितलं मी."

"का?"

"तुझ्याकडं येता यावं म्हणून."

मनीषानं तेव्हा कूस बदलली. आईकडे बघत म्हणाली, "म्हणजे तेव्हा तुला खरंच येता येत नव्हतं."

त्या एका वाक्यावर चार वर्षांचं भांडण मिटलं. आईला यायचं नव्हतं असं नाही, आई बांधलेली होती, आणि आता लेकीसाठी तिनं ते दावं तोडलं, हे मनीषाच्या मनानं घेतलं. मी एकदा बघायला गेले तर दोघी दुपारच्या गाढ झोपलेल्या, मनीषाचा हात आईच्या केसांत. चतुराबाईला दिवसा झोपलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची. सव्वा महिना झाल्यावर मायलेकी बाळाला घेऊन मळ्यात आल्या. बारसं झालं. पाळण्याला मी स्वतः शेवंतीच्या माळा बांधल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर चतुराबाई पाय पसरून बसली होती, नात तिच्या मांडीवर पालथी, आणि मनीषा शेजारी तेलाची वाटी घेऊन. आणि फाटक उघडून आली डॉक्टरीण. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत मोठं पाकीट.

"मावशी, तुमची कांडवेल पास झाली!" आल्या आल्या ओरडली. पाकिटातून एक्स-रे काढले आणि उन्हाकडे धरून आम्हाला दाखवायला लागली. "हा एकच माणूस. ही साधी बाजू, हा खड्डा अजून काळा दिसतो ना? आणि ही अर्क भरलेली बाजू. इथे पांढरं दिसतंय ते नवं हाड. फरक फार मोठा नाही, पण बहुतेकांत दिसला. माझे सर खूश झालेत."

मला आधी आनंदच झाला. मग मी चतुराबाईकडे पाहिलं. तिचा मालिशचा हात बाळाच्या पाठीवर थांबला होता.

"पण मी तर नाव सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो, म्हणून तर झालं सगळं!"

"वेल कशानं कापली?"

"कात्रीनं. मग मशीनमध्ये दळली."

"पहाटंची?"

"छे हो, मला कुठे जमतंय पहाटे! जमेल तेव्हा."

"आणि खड्ड्यात कोण भरायचं?"

"मी, नाहीतर त्या दिवशी जो हजर असेल तो."

चतुराबाई जरा पुढे वाकली. मला कळलं पुढे काय येणार. वाटलं, हिच्या तोंडावर हात ठेवावा.

"मग ते भरल्यावर तुम्ही कुठं निजायच्या?"

डॉक्टरीण गोंधळली, मग हसली. "कुठे म्हणजे? हॉस्टेलला. मध्ये बहिणीचं लग्न होतं तेव्हा चांगली दहा दिवस नागपूरला होते. का?"

"आणि तरी हाड धरलं?"

"धरलं की. त्याचा काय संबंध?"

मनीषाच्या हातातली वाटी तिरपी झाली होती, तेल ओसरीवर सांडत होतं. तिनं ती हळूच खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "म्हणजे तेव्हा तुला येता आलं असतं."

चतुराबाईला खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की यंत्राचं औषध वेगळं, आपलं वेगळं. मी मनात म्हणत होते, बोला बाई, काहीतरी बोला, बोला. ती एक्स-रेकडे बघत होती. त्या पांढऱ्या हाडाकडे.

"हो गं," ती म्हणाली. "आलं असतं."

मनीषानं तिच्या मांडीवरून पोर उचललं, तेलकट अंगासकट छातीशी धरलं आणि आत गेली. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. चतुराबाईचे हात तसेच पुढे राहिले, पोर अजून तिथंच असल्यासारखे.

डॉक्टरीण माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का हो?"

"नाही बाई," मी म्हटलं. "खरं तेच बोललात तुम्ही."